तिरक्या मापाची गोष्ट

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६६ साली टेल्कोचा पाय येथे लागला. त्या काळच्या ड्रॉइंग ऑफिसात कागदाचे माप लांबी-रुंदीत सांगत. संगणकाचा पडदा आला आणि माप तिरके झाले. ह्याचे मूळ दूरचित्रवाणीत आहे. तिच्या आरंभीच्या काचनळ्यांचे तोंड बहुधा गोल असे; व्यास सांगितला की भागे. पुढे तोंड आयताकृती झाले, व्यासाच्या जागी कर्ण बसला. त्यातही कडेची काच चौकटीआड जाई. १७ इंची म्हणून घेतलेला पडदा दिसे जेमतेम १६ इंच. ग्राहकाची ही फसवणूकच होती, असे आम्ही म्हणतो.

आज चाकणच्या कारखान्यात आराखड्यांसाठी पडदा घेतानाही नुसत्या कर्णावर जाऊ नये. पूर्वीचा ५:४ प्रमाणाचा १९ इंची पडदा सुमारे ११.९ इंच उंच. आजचा १६:९ चा २४ इंची ११.८. वाढले ते सारे रुंदीत. १९२० × १०८० बिंदू २४ इंचीवर इंचाला सुमारे ९२ पडतात, २७ इंचीवर ८२. बारीक रेघ तेथे खडबडीत दिसते. २७ इंचीला आम्ही २५६० × १४४० च्या खाली उतरणार नाही.