रमाबाईनगर : निवाडा आणि करुणा

इतिहास शिकविताना एक शब्द मला नेहमी खटकत आला आहे. तो शब्द म्हणजे 'जमाव'. हा शब्द उच्चारला की माणसांची नावे, वये, घरे पुसली जातात. आणि ती पुसली गेली की त्यांचा निवाडा करणे फार सोपे होते.

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. लोक संतापून पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली, कित्येक जखमी झाली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, असे पोलिसांचे म्हणणे.

तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आज उपनगरातल्या एका महाविद्यालयात हा प्रसंग शिकविताना हमखास प्रश्न येतो, "सर, एका पुतळ्यासाठी रस्ता अडवायचा?" विचारणारा विद्यार्थी दुष्ट नसतो. त्याच्या घरी देव्हारा असतो, आजोबा-पणजोबांच्या तसबिरी असतात, गावी सातबारा असतो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या आजीपाशी यातले काहीच नव्हते. आपणही माणूस आहोत याचा तिच्याजवळचा पुरावा म्हणजे भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे. हे ज्याला उमगले, त्याला पुतळ्यावरचा हार नेमका कुणाच्या गळ्यात पडला हेही उमगेल. म्हणून मी त्या विद्यार्थ्यावर चिडत नाही. तुझ्या घरातली कोणती वस्तू कुणी विटाळली तर तू रस्त्यावर येशील, एवढेच त्याला विचारतो. वर्ग गप्प होतो, आणि मग खरा इतिहास सुरू होतो.

समजून घेणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. न्या. गुंडेवार आयोगाने साक्षी ऐकल्या आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. पोलिसाच्या नजरेतही वस्तीतली माणसे आधी 'जमाव' होतात आणि मगच गोळी सुटते, हे आपण समजून घेतले पाहिजे. तसे केल्याने त्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. उलट ही नजर कोणत्या व्यवस्थेने घडविली, हा पुढचा प्रश्न विचारता येतो.

परंतु हा आरसा आपल्याही पुढे धरावा लागेल. या गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला राहणारे लोकशाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपविले. झोपडपट्टीवासीयांचे दुःख गाणारा, डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेला हा शाहीर. 'लढणाऱ्याने असे करावे काय?' असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. हाही घाईचा निवाडाच. चळवळीने आपल्या शाहिराकडून गाणी घेतली. त्याची चूल, त्याचा एकटेपणा, त्याच्या मनातली घालमेल यांची विचारपूस किती जणांनी केली? आनंद पटवर्धन यांनी याच मृत्यूपासून सुरुवात करून चौदा वर्षे वस्त्यावस्त्यांतून माणसांचे ऐकले, तेव्हा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट उभा राहिला. समजून घ्यायला वेळ लागतो, तो असा.

बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाची प्रज्ञा दिली, तशी करुणाही दिली. प्रज्ञेच्या बळावर आपण प्रस्थापितांना जाब विचारायला शिकलो. करुणा मात्र आपण पुष्कळदा व्याख्यानापुरती ठेवतो. खचलेला कार्यकर्ता, वस्ती सोडून गेलेला नोकरदार, मोर्चाला न आलेली बाई यांच्याविषयी मत बनविण्यापूर्वी त्यांच्या दारात जाऊन बसण्याची शिस्त चळवळीने स्वतःला लावून घेतली पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या न ऐकताच दोषी ठरविले गेले, त्यांनी तरी कुणालाही न ऐकता दोषी ठरवू नये.