उष्णतेच्या खुणा आणि संगणकाची गुपिते

पासवर्ड लांबलचक असावा, तो कुणाला सांगू नये, टाइप करताना मागे कुणी उभे नाही ना हे पाहावे, हे नियम आता शहरी वाचकाला पाठ झाले आहेत. परंतु कळ दाबून बोट उचलल्यानंतरही त्या कळेवर शरीराची थोडी ऊब काही काळ रेंगाळते. डोळ्यांना ती दिसत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र दिसते. माणूस निघून गेला, पडद्यावर केवळ चांदण्या उमटल्या होत्या, पण कोणत्या कळा दाबल्या गेल्या याची नोंद प्लास्टिकवर शिल्लक राहिली, असा हा प्रकार आहे.

संगणक सुरक्षा, प्रतिमा-संस्करण आणि उष्णता अभियांत्रिकी या तीन विद्याशाखा एरवी विद्यापीठाच्या वेगवेगळ्या इमारतींत नांदतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र त्यांच्या सीमेवर संशोधनाचे एक स्वतंत्र क्षेत्र उभे राहिले आहे. कूटलेखनाचे गणित न सोडवता, यंत्राच्या भौतिक वर्तनावरून गुपित ओळखण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात ‘साइड चॅनल’ म्हणतात. मराठीत तिला आडवाट म्हणता येईल. विजेचा वापर, आवाज, विद्युतचुंबकीय लहरी आणि लागणारा वेळ या अशाच आडवाटा आहेत. उष्णता ही त्यांपैकी सर्वात संथ, पण टाळण्यास सर्वात कठीण.

उष्णता अटळ का?

संगणक तापतो, हा त्याच्या रचनेतील केवळ दोष नव्हे. आयबीएममधील शास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ मध्ये असे दाखवून दिले, की माहितीचा एक बिट पुसून टाकताना किमान काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडलीच पाहिजे. नेहमीच्या तापमानाला ही किमान मर्यादा ज्यूलच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही लहान आहे. तरीही ती शून्य नाही. २०१२ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी प्रयोगाने या सिद्धांताला पुष्टी दिली. प्रत्यक्षातील संगणक या मर्यादेच्या कितीतरी पट अधिक उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे गणन आणि उष्णता यांची फारकत करता येत नाही, आणि संगणक वापरणारा माणूसही स्वतः एक उष्ण वस्तूच असतो.

न दिसणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगाचे तापमान मोजले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापीचा पारा चढला. हेच अवरक्त किरण. मानवी शरीरातून निघणारे अवरक्त किरण प्रामुख्याने ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असतात. औष्णिक कॅमेरे याच पट्ट्यात काम करतात. साधी काच या किरणांना अडवते, त्यामुळे या कॅमेऱ्यांचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. भिंगामागे सूक्ष्म संवेदकांची जाळी असते. त्यांवर किरण पडले की ते किंचित तापतात व त्यांचा विद्युतरोध बदलतो. या बदलांपासून चित्र तयार होते.

हे चित्र कच्चे असते. त्यात कीबोर्डची स्वतःची उष्णता, खोलीतील दिव्यांचे परावर्तन आणि संवेदकांचा गोंधळ मिसळलेला असतो. प्रतिमा-संस्करणाचे काम येथे सुरू होते. पार्श्वभूमीचे तापमान वजा करणे, तिरप्या चित्रातील कीबोर्ड सरळ करून प्रत्येक कळेची जागा ठरवणे, उबदार ठिपके वेगळे काढणे आणि शेवटी त्या ठिपक्यांची तीव्रता एकमेकांशी ताडून पाहणे, अशा या पायऱ्या आहेत. शेवटची पायरी सर्वात महत्त्वाची. तापलेली वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरक आरंभी झपाट्याने आणि पुढे संथपणे घटत जातो. त्यामुळे सर्वात उबदार कळ बहुधा शेवटी दाबलेली आणि सर्वात मंद कळ बहुधा प्रथम दाबलेली असते. चित्रावरून काळाचा क्रम वाचण्याचा हा प्रयत्न असतो.

चोवीस शक्यतांचा हिशोब

धोका किती, हे साध्या अंकगणिताने कळते. चार अंकी पिनच्या एकूण शक्यता १०,००० असतात. कोणते चार वेगवेगळे अंक दाबले गेले एवढेच कळले, क्रम कळला नाही, तरी शक्यता उरतात फक्त २४. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड बंद होत असेल, तर केवळ अंदाजाने पिन सापडण्याची शक्यता दहा हजारांत तीन असते. उबदार कळा ठाऊक असल्यास ती आठांत एक होते. सहा वेगवेगळ्या अंकांचा पिन असेल तर दहा लाख शक्यतांच्या ७२० होतात. गंमत अशी, की चार अंकी पिनमध्ये एक अंक दोनदा आला तर केवळ तीन कळा उबदार दिसतात, आणि शक्यता २४ ऐवजी ३६ होतात.

सुरक्षातज्ज्ञ मायकल झालेव्स्की यांनी तिजोरीच्या कळांवरील उष्णतेची अशी छायाचित्रे २००५ मध्येच प्रसिद्ध केली होती. पद्धतशीर मोजमाप केले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी, २०११ मध्ये. प्लास्टिकच्या कळांवर अंक दाबल्याबरोबर टिपलेल्या चित्रांतून सुमारे ८० टक्के वेळा दाबलेल्या कळा ओळखता आल्या. एक मिनिटानंतरही जवळपास निम्म्या वेळा यश आले. क्रम ओळखणे मात्र बरेच अवघड ठरले. धातूच्या कळांपुढे तर ही पद्धत निष्प्रभ झाली. त्याची दोन कारणे आहेत. धातू उष्णता झपाट्याने पसरवून टाकतो, आणि चकचकीत धातू स्वतः अवरक्त किरण फारसे सोडत नाही; तो आरशासारखा भोवतालचे किरणच परत पाठवतो.

२०१७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मोबाइलच्या पडद्याचा अभ्यास केला. काचेच्या पलीकडचे या कॅमेऱ्याला दिसत नसले, तरी काचेच्या पृष्ठभागावर बोटाने ठेवलेली ऊब दिसते. त्यात असे आढळले, की पडदा उघडण्यासाठी बोटाने काढायची आकृती स्वतःलाच छेदून जात असेल तर ती ओळखणे पुष्कळ कठीण होते. पिनमधील अंकाच्या पुनरुक्तीने मात्र तितके संरक्षण मिळत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने संगणकाच्या साध्या कीबोर्डवर हाच प्रयोग केला. या विषयाचे प्रशिक्षण नसलेल्या माणसांनाही ३० सेकंदांपर्यंत दाबलेल्या सर्व कळा आणि एक मिनिटापर्यंत त्यांतील काही कळा ओळखता आल्या.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात मोहम्मद खामिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या कामाला यंत्रशिक्षणाची जोड दिली. कीबोर्डच्या दीड हजार औष्णिक चित्रांवर शिकवलेल्या त्यांच्या प्रणालीने २० सेकंदांच्या आत घेतलेल्या चित्रांतून ८६ टक्के पासवर्ड उलगडले. ३० सेकंदांनंतर हे प्रमाण ७६ टक्के आणि ६० सेकंदांनंतर ६२ टक्के होते. लांबीचा परिणामही स्पष्ट दिसला: २० सेकंदांच्या आत सहा अक्षरांचे सर्व पासवर्ड सापडले, तर सोळा अक्षरांचे ६७ टक्के. एकेक कळ शोधत टाइप करणाऱ्यांची ऊब अधिक टिकते, सराईत टंकलेखकाची कमी. कळा कोणत्या प्लास्टिकच्या आहेत यानेही मोठा फरक पडतो. एबीएस प्रकारच्या प्लास्टिकवर यशाचे प्रमाण ५२ टक्के होते, ते पीबीटी प्रकारावर १४ टक्क्यांवर आले. याच संशोधकांनी लक्ष वेधले, की असे कॅमेरे आता दोनशे पौंडांहून कमी किमतीत मिळतात. पूर्वी लष्कर आणि कारखान्यांपुरते मर्यादित असलेले हे साधन सर्वसामान्यांच्या हाती आले, हीच या विषयातील मोठी घडामोड होय.

गोठवलेली स्मृती

उष्णता गुपित फोडते तशी थंडीही फोडते. संगणकाची वीज बंद केली की त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर तत्क्षणी नाहीसा होतो, असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात या स्मृतीतील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो. तो हळूहळू गळून जातो, आणि तापमान जितके कमी तितकी ही गळती मंद.

प्रिन्स्टन विद्यापीठातील अ‍ॅलेक्स हाल्डरमन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा दूरगामी अर्थ दाखवून दिला. धूळ उडवण्यासाठी वापरला जाणारा दाबाखालील वायूचा साधा डबा उलटा धरून त्यांनी स्मृतीची चिप सुमारे उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली. वीज तोडल्यानंतर दहा मिनिटांनीही तिच्यातील एक टक्क्याहून कमी बिट बिघडले होते. म्हणजे चालू असलेल्या लॅपटॉपमधील चिप काढून दुसऱ्या यंत्रात बसवायची आणि तिच्यातून डिस्कची कूटकिल्ली वाचायची, हे शक्य होते. हा ऱ्हास समजावण्यासाठी त्यांनी ‘मोनालिसा’चे चित्र स्मृतीत साठवून, थंड न करता वीज तोडली. पाच सेकंदांनंतर ते चित्र जसेच्या तसे होते. पुढे त्यावर आडवे पट्टे उमटत गेले आणि पाच मिनिटांत ते बरेचसे विरून गेले. काही बिट बिघडले तरी कूटकिल्लीपासून तयार होणाऱ्या पूरक संख्यांच्या आधारे मूळ किल्ली पुन्हा उभी करता येते, हेही त्यांनी सिद्ध केले. त्या काळी प्रचलित असलेल्या अनेक डिस्क-कूटलेखन प्रणाली या पद्धतीपुढे टिकल्या नाहीत. २०१३ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठात हाच प्रयोग फ्रीजरमध्ये थंड केलेल्या मोबाइलवर यशस्वी झाला.

दिवा, घड्याळ आणि शेजारचा संगणक

प्रिन्स्टनमध्येच २००३ मध्ये सुधाकर गोविंदवझला व अँड्र्यू अ‍ॅपेल यांनी याच्या उलट वाट धरली होती. ५० वॅटच्या दिव्याने स्मृतीच्या चिप तापवल्या की क्वचित एखादा बिट उलटतो. जावा भाषेतील कार्यक्रम एकमेकांच्या हद्दीत शिरू शकत नाहीत, अशी व्यवस्था असते. परंतु स्मृती विशिष्ट रचनेने भरून ठेवली, तर एका बिटाच्या चुकीनेही ही भिंत कोसळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते, असे त्यांना आढळले.

केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन मर्डॉक यांनी २००६ मध्ये आणखी सूक्ष्म निरीक्षण मांडले. काम वाढले की संगणक तापतो आणि त्याच्या घड्याळातील स्फटिकाची गती किंचित बदलते. हा बदल नेटवर्कवरून दूरवर बसूनही मोजता येतो, आणि त्यावरून इंटरनेटवर दडवून ठेवलेला संगणक ओळखता येऊ शकतो. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाने २०१५ मध्ये ४० सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरावर ठेवलेल्या, कोणत्याही तारेने न जोडलेल्या दोन संगणकांत केवळ उष्णतेच्या चढउतारांनी संदेश पोहोचवला. वेग होता तासाला १ ते ८ बिट. एखादा दस्तऐवज चोरण्यास तो हास्यास्पद वाटेल, पण एखादी छोटी आज्ञा देण्यास तो पुरेसा आहे. मात्र त्यासाठी दोन्ही संगणकांत घातक कार्यक्रम आधीच शिरलेला असावा लागतो.

बचाव कसा?

या सर्व प्रयोगांना काळाची मर्यादा आहे, आणि बचावही तिच्यातच दडलेला आहे. पिन दिल्यानंतर हात सर्व कळांवर क्षणभर टेकवावा. खुणा एकमेकींत मिसळून जातात. पासवर्ड लांब असावा आणि सफाईने टाइप करावा. कळांखाली दिवे असलेले कीबोर्ड स्वतःच तापत असल्याने त्यांवरील खुणा वाचणे कठीण जाते. एटीएम व दरवाजांच्या कुलपांसाठी प्लास्टिकपेक्षा धातूच्या कळा श्रेयस्कर. केवळ पासवर्डवर न विसंबता ओटीपी किंवा बोटाच्या ठशाची जोड देणे, हा सर्वात भरवशाचा उपाय. पिनच्या कळांचे चित्र टिपण्यास नकार देईल अशी आज्ञावली औष्णिक कॅमेऱ्यांतच बसवावी, अशी सूचनाही ग्लासगोच्या संशोधकांनी केली आहे.

लॅपटॉप प्रवासात नेताना तो केवळ झोपलेल्या अवस्थेत न ठेवता पूर्ण बंद करावा, हा २००८ च्या प्रयोगाचा व्यावहारिक धडा. पुढे २०११ मध्ये कूटकिल्ली स्मृतीऐवजी प्रक्रियकाच्या आतच ठेवण्याची पद्धत एर्लांगेन येथे विकसित झाली, आणि आता अनेक प्रक्रियकांत संपूर्ण स्मृतीच कूटबद्ध ठेवण्याची सोय असते.

हल्ल्याच्या युक्त्या विद्यापीठांनी उघडपणे प्रसिद्ध कराव्यात काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वरील इतिहासच त्याचे उत्तर देतो. उष्णतेच्या खुणा संशोधकांनी मोजल्या नसत्या, तरी त्या कळांवर उमटतच राहिल्या असत्या. किती सेकंद, कोणत्या पदार्थावर आणि किती अचूकतेने, हे आकडे जाहीर झाले म्हणूनच कळांचा पदार्थ, स्मृतीची रचना आणि पासवर्डची लांबी यांबाबतचे निर्णय मोजमापाच्या आधारे घेता येतात.