‘म्हणून’ म्हणण्यापूर्वी



आषाढात इंदूरकडे जोराचा पाऊस झाला की त्याची वर्दी आपल्या सांवेरला कान्ह नदी देते. ही नदी इंदूर शहरातून येते, आपल्या तालुक्यातून वाहते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. कधी आपल्या डोक्यावर एक थेंबही पडलेला नसतो. तरी पाणी गढूळ झालेले, धार वाढलेली, फेस आणि काटक्या वाहत आलेल्या पाहून काठावरचा शेतकरी म्हणतो, “वर पाऊस झालाय.” पाऊस त्याने पाहिलेला नसतो, पण तो खात्रीने बोलतो आणि बहुधा त्याचे खरे ठरते.

हे उदाहरण फार जुने आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांवर वात्स्यायनाने भाष्य लिहिले, त्यातही हाच विचार येतो: नदी भरलेली दिसली, म्हणून वर पाऊस झाला. आपल्या देशातील तर्कशास्त्राने पहिले धडे गिरवले ते असे नदीकाठी आणि चुलीपाशी. पण त्याच ग्रंथात पुढे शंकाही घेतली आहे. खाली कोणी पाणी अडवले, तरी नदी फुगतेच ना? मग फुगलेल्या नदीवरून पाऊस कसा सिद्ध होणार? उत्तर असे दिले आहे की नुसते फुगलेले पाणी हा पुरावा नव्हेच. वेगाची धार, फेस, वाहून आलेली फळे, पाने आणि लाकडे, हे सगळे मिळून पुरावा होतो. अडवलेल्या पाण्यात या खुणा दिसत नाहीत.

आजचा विषय हाच आहे. “म्हणून” हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. तो कधी उच्चारावा आणि कधी गिळावा, हे आपल्या पूर्वजांनी काळजीपूर्वक शिकवले आहे आणि आपल्या प्रभूनेही शिकवले आहे.

न्यायशास्त्रात एखादी गोष्ट दुसऱ्याला पटवून द्यायची तर पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे आपले स्वयंपाकघर, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे. “जिथे धूर तिथे अग्नी” या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की असेल आणि धूर खरोखर धूरच असेल, तर निष्कर्ष नाकारता येत नाही. व्याप्ती कच्ची असेल तर बाकीच्या चार पायऱ्या कितीही घोटून म्हटल्या तरी उपयोग नाही.

आणखी एक बारकावा आहे. व्याप्ती उलटी फिरवता येत नाही. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. सकाळी अंगण ओले दिसले म्हणून रात्री पाऊस झाला असे म्हणायचे आणि नंतर कळायचे की घरच्या सुनेने सडा टाकला होता! पावसाने अंगण ओले होते हे खरे, पण ओले अंगण केवळ पावसानेच होते असे नाही.

या विद्येचा एक मोठा प्रयोग आपल्याच माळव्यात झाला. इंदूर-भोपाळ रस्त्यावरचे सीहोर आपल्याला ठाऊक आहे. १८३० च्या दशकात तिथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता आणि तिथल्या संस्कृत पाठशाळेत त्याचे लक्ष असे. पृथ्वी गोल आहे हे मुलांना शिकवायचे होते. विल्किन्सनने विलायती पुस्तक पुढे केले नाही. त्याने भास्कराचार्यांचा ११५० सालचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हाती घेतला. त्याला साथ दिली सुबाजी बापू या ज्योतिषी पंडितांनी. त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला.

भास्कराचार्यांचे युक्तिवाद रोजच्या अनुभवावर उभे आहेत. पृथ्वी आरशासारखी सपाट असती, तर तिच्यावर फिरणारा सूर्य आपल्याला रात्रीही का दिसत नाही? मेरू पर्वताच्या आड गेल्याने रात्र होते म्हणावे, तर मधला तो पर्वत का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेला आहे, तर वर्षातले कित्येक महिने सूर्य दक्षिणेकडे सरकून का उगवतो? म्हणजे “सपाट आहे” असे क्षणभर धरून चालायचे आणि त्यातून जे जे निघेल ते डोळ्यांना दिसणाऱ्याशी ताडून पाहायचे. जुळले नाही, तर धरलेली गोष्टच सोडायची.

त्यांचा एक हिशेब तर आपल्या शेजारचा आहे. विषुववृत्तापासून उज्जैनचे अंतर पृथ्वीच्या परिघाचा सोळावा हिस्सा आहे, असे त्यांनी मांडले. म्हणून ते अंतर मोजा आणि सोळाने गुणा, पृथ्वीचा परीघ मिळाला. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीने उज्जैन तेवीस अंशांच्या थोडे वर आहे. पृथ्वीला प्रदक्षिणा न घालता, उज्जैनच्या आकाशाकडे पाहून माणसाने तिचा घेर सांगितला!

आता इतिहासाला एक वळण लागते. १८३९ साली जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत पंडिताने ‘मतपरीक्षा’ हे संस्कृत पुस्तक लिहिले. खरा धर्म कोणत्या खुणांवरून ओळखावा याच्या कसोट्या ठरवून त्याने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. त्याला संस्कृतातून उत्तरे आली. पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने आले आणि ते सीहोरचे सुबाजी बापूच होते असे अभ्यासक मानतात. पृथ्वीच्या आकाराबद्दल पुराणांची कल्पना तर्काने बाजूला ठेवणारा हा माणूस. त्याने धर्माच्या बाबतीत मात्र वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे मार्ग योग्य असतात अशी सौम्य भूमिका घेतली.

आणखी एक उत्तर काशीहून आले. लिहिणारा विशीच्या आसपासचा एक चित्पावन तरुण होता, नीलकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ चा, शिक्षण व्याकरणाचे आणि न्यायाचे. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. शास्त्रावरील श्रद्धा आधी आणि तर्क तिच्या मागून, अशी त्यांची तेव्हाची मांडणी होती. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात हरवायला म्हणून ते गेले आणि वाद लांबत गेला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू झाले. फादर नेहम्या गोरे म्हणून मराठी ख्रिस्ती समाज त्यांना ओळखतो.

१८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यातला एक मोठा प्रश्न रोजच्या वस्तूंचा आहे. हा घडा, हे घर, हे दुःख व्यवहारात खरे पण परमार्थात खोटे, असे म्हणणे नीट टिकते का, असे त्यांनी विचारले. ‘खरे’ या शब्दाचा अर्थ वाक्याच्या मध्येच बदलू नका, एवढाच त्यांचा आग्रह. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी मानावा असे नाही. पण ज्या न्यायाने त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती मताविरुद्ध शस्त्र परजले होते, तीच विद्या त्यांनी पुढेही वापरली. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती बुडवली नाही. पंडिता रमाबाईंच्या मनातल्या प्रश्नांनाही त्यांनी दटावले नाही, पत्रांतून सविस्तर उत्तरे दिली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे झाला. स्वतः फादर गोरे यांना शंकांनी आयुष्यभर सोडले नाही, तरी त्या शंकांसहित १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ते विश्वासात टिकले.

आता योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडू या. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्यांच्या प्रश्नात एक व्याप्ती लपलेली आहे: जिथे दुखणे, तिथे पाप. प्रभू येशू ती व्याप्तीच मोडतो. याचेही नाही आणि आईबापांचेही नाही, असे तो स्पष्ट सांगतो. पुढे परुशी अनुमान करतात: हा शब्बाथ पाळत नाही, म्हणून देवाकडचा नाही. आणि तो बरा झालेला माणूस, जो आयुष्यभर भीक मागत बसला होता, तो शास्त्र्यांनाच तर्क शिकवतो. देव पाप्यांचे ऐकत नाही हे तुम्हीच मानता. याने माझे डोळे उघडले हे तर समोर आहे. मग हा देवाकडचा नसता, तर याच्या हातून हे झालेच नसते. त्यांना उत्तर सुचले नाही, म्हणून त्यांनी त्याला बाहेर घालवले.

शिष्यांची ती कच्ची व्याप्ती आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. एखाद्या घरी मूल अपंग जन्मते आणि शेजारी कुजबुजतात, “काहीतरी केलं असेल.” कुणाला कर्करोग होतो आणि प्रार्थनेला आलेलाच कोणी सुचवतो की तुमचा विश्वास कमी पडला. पिकाला भाव मिळाला नाही, म्हणून देव रागावला. हे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. ती ओले अंगण पाहून पावसाची खात्री देतात, इतकेच. पण इथे चुकलेल्या “म्हणून”ची किंमत एक आई मोजते, जी आधीच रात्रभर रुग्णालयात बसून आलेली असते. अशा वेळी व्याप्ती तपासणे हे प्रीतीचेच काम आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना एवढेच विचारायला शिकवतो: “नेहमीच असं होतं का? दुसऱ्या कशाने होऊ शकतं का?” मोबाइलवर आलेल्या कोणत्याही निरोपाला, मग तो आपल्या बाजूचा का असेना, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

मग विश्वासाचे काय? पुनरुत्थान अनुमानाने सिद्ध होते का? इथेही न्यायशास्त्र मदतीला येते. ते ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट नीट जाणली आहे आणि जशी आहे तशी जो सांगतो, तो. रिकामी कबर मग्दालिया मरियेने पाहिली, प्रेषितांनी प्रभूला पाहिले आणि सांगितले. आपला विश्वास त्यांच्या साक्षीवर उभा आहे. साक्ष ऐकणारा साक्षीदाराचा चेहरा पाहतो, त्याचे जगणे पाहतो, आणि मग ठरवतो. यातही विचार आहेच.

सांवेरमध्ये आपण मूठभर आहोत. आपले शेजारी शुभवर्तमान वाचतीलच असे नाही, पण आपल्यावरून ते रोज अनुमान काढतात. तुमची एकमेकांवर प्रीती असेल तर तीवरून लोक तुम्हाला माझे शिष्य म्हणून ओळखतील, असे प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी सांगितले आहे. खूण त्याने ठरवून दिली. ती आपल्यात दिसली नाही, तर शेजाऱ्यांनी काय समजावे?

या आठवड्यात आपल्या ओळखीतल्या एखाद्या आजारी घरी जाऊ या. कारणे शोधायला नको, नुसते बसायला जाऊ. प्रभू आपल्याला खरे पाहणारे डोळे आणि जपून बोलणारी जीभ देवो. आमेन.