हुशार, तरीही पाटीवर अडखळणारी मुले

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात गुंजवणे हे गाव वसले आहे. चोर दरवाजाची वाट येथूनच गडावर चढते. अशा गावातील एक मूल आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणू या. रानातील प्रत्येक पायवाट त्याला ठाऊक आहे, बाजाराचा हिशेब ते तोंडी करते, गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाही; परंतु पुस्तकातील जोडाक्षर आले की अडखळते, वेलांटी व रफार यांची गल्लत करते. गावाच्या लेखी ते मूल 'ढ' ठरते. त्याची प्रज्ञा कोणाच्या लक्षात यावी?

हा प्रश्न नवा नाही. 1896 साली डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पर्सी बुद्धिमान होता, गणितात तरबेज होता. मात्र वाचन त्याला साधत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत चतुर मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहिले गेले. 1962 साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. केवळ परीक्षेतील गुण न पाहता बुद्धिमापनाच्या आधारे प्रज्ञावान मुले शोधावीत व त्यांच्या बुद्धीला समाजकार्याची जोड द्यावी, हा त्यामागील विचार होता. दुसरा प्रवाह मुंबईत उगम पावला. 1996 साली डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे पालक आणि काही तज्ज्ञ एकत्र आले व महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांची तपासणी चालविली. त्याच वर्षी राज्य शासनाने या मुलांना परीक्षेत सवलती मान्य केल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, तसेच द्वितीय भाषेतून सूट. आपल्या लेकराची अडचण उघडपणे मांडणाऱ्या आईबापांचे धैर्य या यशामागे होते, हे आपण विसरू नये.

पुढे 2007 साली 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. 2015 साली राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी मराठीतही उपलब्ध झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले.

तरीही हे दोन प्रवाह क्वचितच एकत्र येतात. हुशारीमुळे मूल पाठांतराने वेळ निभावून नेते आणि त्याची अडचण झाकली जाते. उलट अडचणीमुळे लेखी उत्तर फसते आणि त्याची हुशारी झाकली जाते. परिणामी ते 'मध्यम' गणले जाते. प्रज्ञाशोधाच्या लेखी परीक्षेत ते मागे पडते, आणि काठावर उत्तीर्ण होत असल्याने तपासणीसाठीही कोणी पाठवीत नाही. त्यातून तपासणीची केंद्रे शहरात. खोऱ्यातील पालकांना त्या एका फेरीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

मार्ग नाही असे मात्र नाही. वेल्हे परिसरात ज्ञान प्रबोधिनीने बचत गटांच्या द्वारे स्त्रियांना संघटित केले आहे. गावातील बायका पैशाचा हिशेब मिळून ठेवू शकतात, तर मुलांचा हिशेबही मिळून ठेवू शकतील. अंगणवाडीची ताई, शाळेचे गुरुजी आणि चार आया एवढे मनुष्यबळ आरंभास पुरे. मूल काय चुकते याच्या नोंदीबरोबरच त्याला काय उत्तम येते याचीही नोंद ठेवावी. उत्तर तोंडी घेऊन पाहावे. अक्षर वाळूत गिरवून, उच्चारून, हाताने घडवून शिकवावे.

आपल्या धर्मग्रामांतील शाळांनी व कुटुंबांनीही यावर विचार करावा, अशी आमची विनंती आहे. प्रगतिपुस्तकावरील लाल रेघ पाहून हात उगारण्यापूर्वी त्या मुलाला एक प्रश्न तोंडी विचारून पाहू या. कदाचित उत्तर ऐकून आपणच थक्क होऊ.