घडीचा स्मार्टफोन

घडीचा स्मार्टफोन (फोल्डेबल फोन) हा लवचीक पडदा व बिजागरी यांच्या साहाय्याने मिटता येणारा भ्रमणध्वनी होय. पुस्तकासारखा उघडणारा व डबीसारखा मिटणारा असे त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत.

== इतिहास ==
रोयोल कंपनीचा फ्लेक्सपाय (२०१८) हा बाजारात आलेला पहिला घडीचा फोन मानला जातो. सॅमसंगचा गॅलेक्सी फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये येणार होता. परंतु परीक्षकांना दिलेल्या काही फोनचे पडदे बिघडल्याने त्याची विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. भारतात तो ऑक्टोबरमध्ये १,६४,९९९ रुपयांस उपलब्ध झाला.

== गुण ==
गॅलेक्सी फोल्डचा ७.३ इंची पडदा मिटून खिशात मावत असे. वाचन, नकाशे व एकाच वेळी दोन कामे यांसाठी असा पडदा सोयीचा ठरतो.

== दोष ==
आतील पडद्यावरील प्लॅस्टिकच्या थरावर नखाने वा वाळूच्या कणानेही ओरखडे पडू शकतात. मध्यभागी घडीची रेष जाणवते. २०२१ च्या गॅलेक्सी झेड फोल्ड ३ मध्ये जलरोधकता आली, तरी धुळीपासून संरक्षणाची हमी नव्हती. आतील पडदा बदलणे खर्चिक असल्याने हमीच्या अटींना विशेष महत्त्व असते. मोठ्या पडद्याची नित्य गरज नसल्यास वाढीव किंमत व नाजूकपणा यांचा भार लाभापेक्षा अधिक ठरू शकतो.