सायकलस्वाराचे कोरडे पाय

भर पावसांत सायकलवरून कामाला निघणाऱ्यास भिजल्या कपड्यांपेक्षां भिजले पाय अधिक जाचतात. कपडे वाळतात, पण ओल्या जोड्यांनिशीं दिवस काढला कीं चिखल्या होतात.

पाय कोरडे ठेवण्याचा इतिहास हा बहुतांशीं रबराचा इतिहास होय. दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवासी रबराच्या चिकाचे जोडे करीत. एकोणिसाव्या शतकांत ते बॉस्टनच्या बाजारांत आले. परंतु उन्हाळ्यांत ते चिकट होत आणि हिंवाळ्यांत ताठरत. १८३९ सालीं चार्लस् गुडइयर यानें रबर गंधकासह तापवून हा दोष घालविला. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलप यानें चाकाला हवा भरलेली रबरी धांव बसविली. ज्या रबरानें पाय झांकले, त्याच रबरावर धांवणारें चाक आतां त्यांवर पाणी उडवूं लागलें!

बुटांत पाणी बहुधा वरून, पोटरीवरून ओघळून शिरतें. म्हणून पावसाळी विजार बुटांत न खोंवतां बुटावरून सोडावी आणि पुढच्या मडगार्डच्या टोंकास रबराची लोंबती पट्टी लावावी. बुटाचें तोंड उघडें राहिलें, तर गुडइयरची सारी खटपट पाण्यांत गेली म्हणावयाची!