पेठेचा संघ

मागच्या महिन्यात पुण्याहून नातू आला होता. अंगात निळा टी-शर्ट, छातीवर परदेशी अक्षरं. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणे, "आबा, पॅरिस सेंट जर्मेन. फ्रान्सचा फुटबॉल क्लब." मग 2025 साली युरोपातला सगळ्यात मोठा चषक त्यांनी अंतिम सामन्यात पाच गोल मारून कसा जिंकला, ते त्याने मला रंगवून सांगितलं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यानेच विचारलं, "आबा, तुमच्या भिवापूरचा क्लब कोणता?"

मी हसून म्हणालो, "बाबा रे, आपल्या इथं मिरची पिकते. क्लब नाही पिकत."

तो हसला आणि मोबाईलमध्ये शिरला. मला मात्र तो प्रश्न सुटेना. चौतीस वर्षं मास्तरकी केली, पोरांना युरोपचा नकाशा शिकवला, पण आपल्या गावाचा क्लब कोणता हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि विचारता विचारता मला कोल्हापूर आठवलं.

माझी एक भाची कोल्हापूरला दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं महाराष्ट्र एक्स्प्रेसने तिच्याकडे गेलो होतो. नागपूरहून कोल्हापूर म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर काही तास. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, मिसळ एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जावईबापू म्हणाले, "मामा, आज घरात बसायचं नाही. चला की, मॅच आहे." मला वाटलं, क्रिकेट असेल. तर फुटबॉल!

सामना दोन मोठ्या तालमींचा होता. त्यांची नावं लिहीत नाही, कारण आमचे नातेवाईक दोन्ही बाजूंना आहेत आणि ते हे वाचतात.

इथे विदर्भातल्या वाचकांना थोडं समजावून सांगावं लागेल. कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावं ऐकली की कुस्तीचा फड आहे असंच वाटतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. नावात फुटबॉल कुठेच नाही, तालीम आहे. याचं कारण इतिहासात आहे.

राजर्षी शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. कुस्तीला त्यांनी किती मोठा आश्रय दिला हे सर्वांना ठाऊक आहे. खासबागचं कुस्त्यांचं मैदान 1912 सालचं. पेठापेठांतून तालमी होत्या. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. सकाळी पोरांनी जोर-बैठका मारायच्या, संध्याकाळी मोठ्यांनी पायरीवर बसायचं. गणपती तालमीचा. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, धावून जायला तालमीची पोरं. गल्लीतलं भांडणसुद्धा आधी तिथेच मिटायचं. थोडक्यात, घरानंतरचं दुसरं घर.

फुटबॉल हा गोऱ्या पलटणींबरोबर आलेला खेळ. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा 1891 ची, म्हणजे खासबागपेक्षाही जुनी. कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे 1922 ते 1940 च्या दरम्यान, हा खेळ रुजत गेला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 मध्ये स्थापन झाली. तिला तिथे सगळे नुसतं 'केएसए' म्हणतात. आता फुटबॉल खेळायचा तर अकरा जण लागतात, सराव लागतो, शिस्त लागते, शिवाय थोडा पैसा. या सगळ्या गोष्टी आयत्या कुठे होत्या? तालमीत. म्हणून जिथे पैलवान तयार होत होते तिथूनच फुटबॉलचे संघ निघाले. कुस्तीत एक पैलवान तालमीचं नाव राखायचा, फुटबॉलमध्ये अकरा जण राखू लागले.

माझ्या मनाला सर्वात भिडली ती पुढची गोष्ट. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. किती संस्थानांतले किती खेळ, किती कला राजाश्रय गेल्यावर सुकून गेल्या! कोल्हापूरचा फुटबॉल सुकला नाही. राजघराण्याचा केएसएशी संबंध आजही आहे, पण संघ जगवले ते पेठांनी. मंगळवार पेठेचे पाटाकडील आणि बालगोपाल, शिवाजी पेठेचे खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ, रविवार पेठेचं दिलबहार. दुकानदाराने बूट दिले, कुणी जर्सी दिल्या, बाकी वर्गणी. मालक कोण असं विचारलं तर सगळी पेठच.

असो. तर आम्ही शाहू स्टेडियमवर पोचलो. पावसाळा संपून थंडी पडली की तिथला हंगाम सुरू होतो आणि पुढच्या पावसाआधी संपतो. आधी केएसएची साखळी स्पर्धा, मग एकामागून एक चषक. पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक वेगवेगळ्या अंगाला बसलेले, हे कुणी सांगावं लागत नाही. हलगी कडाडत होती, झेंडे फिरत होते. माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, डोक्याला टोपी, हातात शेंगदाण्यांची पुडी. मैदानावरच्या एका पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचा आजा माझ्याबरोबर खेळायचा." नंतर कळलं, त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या एकाच संघाकडून खेळल्या होत्या.

आता तिथे नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही येतात. त्या काळ्याभोर उंच पोराने चेंडू अडवला की पायऱ्यांवरून त्याला अस्सल कोल्हापुरीत शाबासकी मिळे. त्याला एक अक्षर कळत नसावं, पण त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

चांगलंच सांगून थांबलो तर ते अर्धं खरं होईल. उत्तरार्धात पंचांनी एक निर्णय दिला आणि वातावरण फिरलं. शिव्या सुरू झाल्या. माझ्या पुढच्या पायरीवर दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्या तोंडून जे निघालं ते मी आयुष्यभर वर्गात कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचा बाप कौतुकाने हसत होता. मैदानात बाटल्या पडल्या. सामना संपल्यावर पोलीस दोन्हीकडच्या लोकांना वेगवेगळं बाहेर काढत होते. घरी येताना जावईबापू गप्प होते. मग म्हणाले, "मामा, आमचं हेच चुकतं. पेठेवर जीव आहे, पण समोरच्या पेठेत आपलीच बहीण दिलीय हे नव्वद मिनिटं आठवत नाही."

मास्तरच्या खोडीप्रमाणे परत आल्यावर मी थोडं वाचन केलं. नातवाच्याच फ्रान्समध्ये लॉन्स नावाचं एक गाव आहे. कोळशाच्या खाणींचं. 1906 च्या मार्चमध्ये त्याच्या जवळच्या कूरियेर इथल्या खाणीत स्फोट होऊन 1099 माणसं मेली, आणि त्याच वर्षी लॉन्सचा फुटबॉल क्लब स्थापन झाला. त्यांचं मैदान 1930 च्या दशकात खाण कंपनीने बांधलं आणि बांधणारे हात खाणकामगारांचेच होते. त्यात पोलंडहून पोटासाठी आलेली कुटुंबंही होती. 1990 मध्ये त्या भागातली शेवटची खाण बंद झाली. रोजगार गेला, धूर गेला, गावाची ओळख गेली. क्लब राहिला. 1998 मध्ये तो फ्रान्सचा विजेता झाला. 2023 मध्ये पॅरिसच्या कुबेरांपेक्षा फक्त एका गुणाने मागे राहिला. गावाची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आणि मैदानात जागा अडतीस हजार. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावाहून मोठं गाव मैदानात बसतं.

आमच्या शेजारी उमरेडला कोळशाची खाण आहे, म्हणून मला हे वाचताना जास्तच लागलं. खाण आज आहे, उद्या संपेल. मग उमरेडच्या पोरांना 'हे आमचं' म्हणायला काय उरेल?

आणि क्लब काढायला राजाच लागतो असंही नाही. आपल्या नागपूरचे विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पुढे 2022 मध्ये नागराज मंजुळेंनी त्यावर 'झुंड' काढला, तेव्हा सगळ्यांना कळलं. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली, तेव्हा आनंद एका घराला झाला नाही, सगळ्या पेठांना झाला. समोरच्या पेठेलासुद्धा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो सांगताना मला थोडी लाज वाटते आहे.

नातवाला मी म्हणालो की आपल्या गावाला क्लब नाही. ते खरं नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या पोरांचं कबड्डीचं मंडळ आहे. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत रात्रीचे सामने होतात, तिथे ते जातात. त्यात एक गाडी चालवतो, दोघं मिरचीच्या तोडणीच्या दिवसांत मजुरीला जातात, एक बी.ए. करून घरी बसला आहे. नोकरीत असताना ही पोरं पावती घेऊन माझ्याकडे वर्गणीला आली होती. मी अकरा रुपये दिले आणि वर पंधरा मिनिटं भाषण दिलं. खेळून पोट भरतं का, अभ्यास करा, वेळ वाया घालवू नका. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, पावती फाडून दिली, "येतो सर" म्हणून गेले. त्यानंतर माझ्या दारी ती कधी आली नाहीत.

कोल्हापूरच्या पायरीवर ते टोपीवाले गृहस्थ "ह्याचा आजा माझ्याबरोबर खेळायचा" म्हणाले, तेव्हा मला आधी हेवा वाटला होता. मग कळलं की तो हेवा करायचा मला हक्कच नाही. तिथे कुणाच्या तरी आजाने वर्गणी देताना भाषण दिलं नव्हतं.

नातू गेल्यावर एके संध्याकाळी मी स्वतःच चौकात गेलो. पोरं आता बाप झाली आहेत, मंडळ त्यांच्या धाकट्या भावांच्या हाती आहे. मला बघून सगळी उठून उभी राहिली, मास्तर रागवायला आले असं वाटून. मी म्हटलं, "पावतीपुस्तक आहे का?" एकाने घरातून आणलं. किती लिहायचं म्हणून विचारलं. आकडा इथे सांगत नाही, तो फार मोठाही नव्हता. नाव मात्र मी नातवाचं लिहायला सांगितलं.

दिवाळीत तो येणार आहे. तेव्हा त्याला मंडईतल्या सामन्याला घेऊन जाईन. तो निळा टी-शर्ट घालून आला तरी माझी हरकत नाही.